महाराष्ट्रातून दिल्ली विद्यापीठात: विषयनिवडीपासून पसंतीक्रमापर्यंतची तयारी

दिल्ली विद्यापीठाचं नाव काढलं की आपल्याकडे पहिला प्रश्न ठरलेला असतो, "बारावीला किती टक्के लागतात हो?" २०२१ पर्यंत हा प्रश्न रास्त होता. त्या वर्षी हिंदू कॉलेजच्या राज्यशास्त्र ऑनर्सचा (एकाच मुख्य विषयाच्या पदवीचा) पहिला कटऑफ १०० टक्के लागला होता, आणि आपल्या बोर्डात कला शाखेच्या मुलाने शंभर टक्के आणणं म्हणजे काय हे शिक्षकांना वेगळं सांगायला नको. २०२२ पासून सगळं बदललं. आता प्रवेश सीयूईटी या राष्ट्रीय परीक्षेच्या गुणांवर होतो. बारावी उत्तीर्ण असावं लागतं, आणि दोघांचे सीयूईटीचे गुण अगदी सारखे आले तर बारावीचे गुण बघितले जातात. बाकी बारावीच्या टक्क्यांचा यादीत वाटा नाही.

दुसरा समज असा, की दिल्लीच्या मुलांना तिथे राखीव जागा असतील आणि आपण उरल्यासुरल्या जागांवर. हे इंद्रप्रस्थ विद्यापीठाबाबत खरं आहे, तिथे ८५ टक्के जागा दिल्लीकरांच्या. दिल्ली विद्यापीठात मात्र रहिवासाची अट नाही. अपवाद एकच ध्यानात ठेवायचा: 'नॉन कॉलेजिएट विमेन्स एज्युकेशन बोर्ड' हा पर्याय फक्त दिल्लीत राहणाऱ्या मुलींसाठी आहे. बाकी ठिकाणी गडचिरोलीची मुलगी आणि करोल बागेतला मुलगा एकाच रांगेत उभे असतात.

असं असूनही महाराष्ट्र बोर्डाची हुशार मुलं मागे पडताना दिसतात, आणि माझ्या मते त्याची कारणं बुद्धीत नसून तीन रुक्ष गोष्टींत आहेत: चुकीचे पेपर निवडणं, भलत्याच पुस्तकातून अभ्यास करणं आणि दाखले राज्य सरकारच्या नमुन्यात घेऊन जाणं. तेव्हा या तिन्हींवर मी जास्त वेळ घालवणार आहे.

आधी अभ्यासक्रम, मग पेपर

सीयूईटीत जास्तीत जास्त पाच पेपर देता येतात. भाषा, विषयाचे पेपर आणि सामान्य ज्ञान-तर्कबुद्धीची जनरल अ‍ॅप्टिट्यूड टेस्ट असे तीन गट आहेत. प्रत्येक पेपर २५० गुणांचा. यातले कोणते पेपर धरायचे हे विद्यापीठ अभ्यासक्रमानुसार ठरवतं, त्यामुळे उलटीकडून सुरुवात करायची: कोणत्या अभ्यासक्रमाला जायचंय ते ठरवा, त्याला कोणती जुळणी लागते ते विद्यापीठाच्या माहितीपुस्तिकेत बघा, आणि मग अर्जात पेपर भरा.

काही जुळण्या सांगतो. अर्थशास्त्र ऑनर्सला एक भाषा, गणित आणि आणखी दोन विषय. गणित नसेल तर हा दरवाजा बंद. बीकॉम ऑनर्सला एक भाषा, गणित किंवा अकाउंटन्सी यांपैकी एक, आणि आणखी दोन विषय. म्हणजे गणित सोडलेल्या कॉमर्सच्या मुलालाही वाट आहे. मॅनेजमेंट स्टडीज, बिझनेस इकॉनॉमिक्स यांना भाषा, गणित आणि अ‍ॅप्टिट्यूड टेस्ट. भौतिकशास्त्र ऑनर्सला भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र, गणित. इंग्रजी ऑनर्सला भाषेचा पेपर इंग्रजीचाच हवा.

आता सर्वात महत्त्वाचा नियम. सीयूईटीचे विषय तुम्ही बारावीला घेतलेलेच असायला हवेत, तरच दिल्ली विद्यापीठ ते गुण धरतं. अर्ज भरताना परीक्षा घेणारी यंत्रणा तुम्हाला कोणताही विषय निवडू देते, आणि तिथेच मुलं फसतात. विज्ञान शाखेचा मुलगा राज्यशास्त्र ऑनर्सचं स्वप्न बघतो, म्हणून राज्यशास्त्राचा पेपर भरतो, महिनोन्‌महिने घोकतो, चांगले गुण आणतो, आणि प्रवेशाच्या वेळी ते गुण चालत नाहीत.

गंमत म्हणजे त्याला त्या पेपरची गरजच नव्हती. राज्यशास्त्र, इतिहास अशा बऱ्याच बीए ऑनर्सना 'एक भाषा आणि कोणतेही तीन विषय' एवढंच लागतं. एक भाषा आणि भौतिक, रसायन, गणित या चार पेपरांवर विज्ञानाचा मुलगा इतिहास ऑनर्सच्या यादीत येऊ शकतो. आपल्याकडे शाखा बदलायची म्हणजे वर्ष वाया, अशी समजूत आहे. इथे तसं काही नाही. काही बीए अभ्यासक्रमांत एका विषयाऐवजी अ‍ॅप्टिट्यूड टेस्टचे गुण धरण्याची दुसरी जुळणीही असते. माहितीपुस्तिका दरवर्षी नवी निघते, तेव्हा आपल्या वर्षाचीच उघडा.

आपल्या बोर्डाचे काही विषय सीयूईटीच्या यादीत त्याच नावाने सापडत नाहीत. 'बुक-कीपिंग अँड अकाउंटन्सी'ची अडचण नाही, यादीत अकाउंटन्सी आणि बुक-कीपिंग एकत्रच आहेत. पण 'वाणिज्य संघटन व व्यवस्थापन', म्हणजे मुलं ज्याला ओसीएम म्हणतात ते, आणि 'चिटणिसाची कार्यपद्धती' म्हणजे एसपी, यांचं काय? विषय यादीत नसेल तर जवळचा विषय निवडावा असं सांगितलेलं असतं, पण जवळचा कोणता हे आपल्या मनाने ठरवू नका. विद्यापीठाच्या प्रवेश विभागाला ईमेल करा, बोर्डाच्या विषयाचा अभ्यासक्रम सोबत जोडा आणि आलेलं उत्तर छापून ठेवा. पुढे कॉलेजने शंका काढली तर तोच कागद कामाला येतो.

पाच पेपर कसे वापरावेत? कॉमर्सच्या मुलाने, गणित असेल तर, इंग्रजी, गणित, अर्थशास्त्र, अकाउंटन्सी आणि अ‍ॅप्टिट्यूड हे पाच घेतले की बीकॉम, अर्थशास्त्र, मॅनेजमेंट आणि बीए प्रोग्राम (दोन विषयांची बीए), सगळ्यांची दारं उघडी राहतात. कला शाखेला इंग्रजी, तीन विषय आणि अ‍ॅप्टिट्यूड. विज्ञानालाही तसंच. २०२५ साली खुल्या गटाला तीन विषयांपर्यंत १००० रुपये आणि पुढच्या प्रत्येक विषयाला ४०० रुपये शुल्क होतं. पाचही पेपरांचे १८०० रुपये झाले, पण इथे पैसे वाचवण्यात अर्थ नाही. एखादा पेपर बिघडला तर पाचवा हाताशी असतो.

भाषा मराठी घ्यावी की इंग्रजी, हा प्रश्न मला नेहमी विचारतात. मराठी यादीतल्या तेरा भाषांत आहे आणि बारावीला मराठी असेल तर तो पेपर चालतो. उतारावाचन, शब्दार्थ, वाक्प्रचार असा पेपर असल्याने वाचणाऱ्या मुलाला सोपा जातो. पण सरावाला प्रश्नसंच फारच कमी मिळतात, आणि इंग्रजी ऑनर्सचा रस्ता बंद होतो. माझं मत: इंग्रजीत बऱ्यापैकी असाल तर इंग्रजीच घ्या. इंग्रजीची खरोखर धास्ती असेल तर मराठी आणि इंग्रजी दोन्ही भरा आणि अ‍ॅप्टिट्यूड सोडा.

प्रश्नपत्रिका मराठीतूनही मिळते. मराठी माध्यमाच्या मुलांनी मात्र एक विचार करावा. ज्या पुस्तकांवरून प्रश्न काढले जातात ती एनसीईआरटीची, म्हणजे केंद्राच्या पाठ्यपुस्तक संस्थेची, पुस्तकं मराठीत निघत नाहीत. तिथल्या संज्ञा भाषांतरित होऊन येतात आणि बालभारतीच्या पुस्तकातल्या शब्दाशी जुळतीलच असं नाही. शिवाय पुढे तिथलं शिकवणं बहुतेक ठिकाणी इंग्रजीतून आहे. अकरावीच्या सुट्टीपासून विषय इंग्रजीतून वाचायची सवय लावली तर दोन्हीकडे उपयोग होईल.

पुस्तक बदला

सीयूईटीचा अभ्यासक्रम एनसीईआरटीच्या बारावीवर बेतलेला आहे. आपलं बोर्ड आणि एनसीईआरटी यांत किती अंतर आहे हे विषयागणिक वेगळं. भौतिक, रसायन, गणित, जीवशास्त्र यांत फार फरक नाही. जेईई, नीटची तयारी करणारी मुलं ती पुस्तकं तशीही उघडतातच. खरी दरी कला शाखेत आहे.

इतिहासच घ्या. आपल्या बारावीच्या इतिहासात युरोपातलं प्रबोधन, वसाहतवाद, वसाहतवाद आणि मराठे, दोन महायुद्धं, शीतयुद्ध असा आधुनिक काळाचा प्रवास आहे. एनसीईआरटीची बारावी सुरू होते हडप्पाच्या विटा-मण्यांपासून, आणि मग महाजनपदं, महाभारताची चिकित्सा, बौद्ध स्तूप, भक्ती आणि सूफी परंपरा, विजयनगर, मुघल काळातलं शेतकरी जीवन असं करत १८५७, गांधी आणि संविधान सभेपर्यंत येते. म्हणजे बोर्डात ९५ मिळवलेल्या मुलानेही त्यातली अर्ध्याहून जास्त प्रकरणं बारावीत अभ्यासलेली नसतात. एप्रिलमध्ये, बोर्डाची परीक्षा झाल्यावर हे पुस्तक पहिल्यांदा हातात घेऊन चालत नाही. दिवाळीपूर्वी एकदा वाचून झालेलं हवं.

अर्थशास्त्रात सूक्ष्म आणि स्थूल भाग बराचसा ओळखीचा निघतो. पण 'भारतीय आर्थिक विकास' या भागातली स्वातंत्र्याच्या वेळची स्थिती, १९५० ते १९९० ची धोरणं, १९९१ चे बदल ही प्रकरणं वेगळी करावी लागतात. राज्यशास्त्रात स्वातंत्र्योत्तर भारताच्या राजकारणाचं आख्खं पुस्तक आहे: राष्ट्रउभारणीची आव्हानं, एका पक्षाचं वर्चस्व, आणीबाणी. ते गोष्टीसारखं वाचता येतं, म्हणून मुलं दोनदा वाचून समाधान मानतात. प्रश्न मात्र जोड्या लावा, कालक्रम लावा, विधान-कारण असे येतात. तेव्हा प्रत्येक प्रकरणाची सनावळी हाताने लिहून काढायला हवी.

गणितात पंधरा प्रश्न सर्वांना समान असतात, उरलेले पस्तीस गणित किंवा उपयोजित गणित यांतून निवडायचे. आपल्या कॉमर्सच्या गणिताशी उपयोजित भाग जास्त जुळतो. दोन्हीचे अभ्यासक्रम शेजारी ठेवून बघा आणि एकच पक्का धरा.

एनसीईआरटीची पुस्तकं त्यांच्या संकेतस्थळावर मोफत आहेत. महागडा क्लास लावण्याआधी ती छापून घ्या. क्लासच लावायचा असेल तर तिथे एकच प्रश्न विचारा, की महाराष्ट्र बोर्डाच्या मुलांसाठी वेगळी प्रकरणं कोणती शिकवता. उत्तर देताना समोरचा चाचरला तर पुढे बोलायची गरज नाही.

साठ मिनिटं, पन्नास प्रश्न

२०२५ पासून प्रत्येक पेपरला साठ मिनिटांत पन्नास प्रश्न असतात आणि सगळे अनिवार्य. बरोबर उत्तराला पाच गुण, चुकीला एक वजा. शाळेत शिकवलेलं असतं, "निगेटिव्ह मार्किंग आहे, येत नसेल तर सोड." इथे तो सल्ला तोट्याचा आहे. चार पर्यायांतून डोळे मिटून एक उचलला तरी सरासरीने प्रश्नामागे अर्धा गुण हाती लागतो. एक पर्याय नक्की चुकीचा आहे एवढं कळलं तर सरासरी एक गुणावर जाते. दोन पर्याय बाद करता आले तर दोन. म्हणून कोरा प्रश्न ठेवायचा नाही. मात्र अंदाजाचे प्रश्न शेवटच्या पाच मिनिटांसाठी राखून ठेवा, नाहीतर येणाऱ्या प्रश्नांचा वेळ त्यात जातो.

एक बरोबर आणि एक चूक यांत सहा गुणांचं अंतर पडतं. २०२५ च्या पहिल्या यादीत हिंदू कॉलेजच्या राज्यशास्त्र ऑनर्सला खुल्या गटात १००० पैकी ९५० च्या आसपास गुण लागले होते. म्हणजे चार पेपर मिळून साधारण आठ-नऊ चुका. असं आकडेमोड करून पाहिलं की सरावात किती चुका परवडतात हे कळतं. परीक्षा अनेक पाळ्यांत होत असल्याने गुणांचं सामान्यीकरण होतं, म्हणजे वेगवेगळ्या पाळ्यांचे गुण एका पातळीवर आणले जातात. आपण मोजलेले गुण आणि निकालातले गुण थोडे वेगळे दिसतात, त्याने गांगरू नका. उत्तरसूची आल्यावर एखादं उत्तर चुकीचं वाटलं तर शुल्क भरून हरकत घेता येते. पुस्तकातलं पान दाखवता येत असेल तरच घ्या.

अर्ज आणि नावाची भानगड

तारखा दरवर्षी हलतात. २०२५ साली अर्ज मार्चमध्ये होते, म्हणजे आपली बारावीची परीक्षा ऐन रंगात असताना. म्हणून डिसेंबरपासून दर आठवड्याला संकेतस्थळ बघण्याचं काम घरातल्या एका मोठ्या माणसाने अंगावर घ्यावं. मुलांवर सोडू नये.

महाराष्ट्रातल्या मुलांची खास अडचण म्हणजे नाव. आपल्या बोर्डाच्या गुणपत्रिकेवर 'कुलकर्णी सानिका विवेक' असतं, आधारवर 'सानिका विवेक कुलकर्णी', आणि बँकेच्या पुस्तकात नुसतंच 'सानिका कुलकर्णी'. अर्जात नाव दहावीच्या प्रमाणपत्राप्रमाणे लिहायचं आणि आधार त्याच्याशी जुळवून घ्यायचं. आधारवरची दुरुस्ती दहावीच्या सुट्टीत उरकून टाका. आडनावाचं स्पेलिंग एका अक्षराने वेगळं असेल तर तेही तेव्हाच.

सीयूईटीच्या अर्जात विद्यापीठांच्या यादीत दिल्ली विद्यापीठ निवडा, पण एवढ्यावर थांबू नका. सीयूईटीचा अर्ज म्हणजे विद्यापीठाचा अर्ज नव्हे. विद्यापीठाच्या स्वतःच्या प्रवेशप्रणालीत, जिला सीएसएएस म्हणतात, वेगळी नोंदणी करून वेगळं शुल्क भरावं लागतं. हे न कळल्याने चांगले गुण असूनही घरी बसलेली मुलं दरवर्षी भेटतात.

दाखले: केंद्राच्या नमुन्यात

इथे जरा सावकाश वाचा, कारण गुणांनी मिळालेली जागा कागदाने जाते ती इथेच.

दिल्ली विद्यापीठ केंद्रीय आहे. तिथे अनुसूचित जातींना १५, अनुसूचित जमातींना ७.५, ओबीसींना २७ आणि आर्थिक दुर्बलांना १० टक्के जागा आहेत. विमुक्त जाती, भटक्या जमातींचे आपले अ, ब, क, ड गट तिथे अस्तित्वात नाहीत. त्यातल्या धनगर, वंजारी अशा कितीतरी जाती केंद्राच्या ओबीसी यादीत आहेत, पण आपली जात तिथे कोणत्या नावाने आणि कोणत्या क्रमांकावर आहे ते राष्ट्रीय मागासवर्ग आयोगाच्या यादीत स्वतः डोळ्यांनी बघा. राज्याच्या यादीत असणं पुरेसं नाही.

मराठा समाजासाठी राज्याने २०२४ मध्ये केलेलं १० टक्के एसईबीसी आरक्षण केंद्रीय विद्यापीठात लागू होत नाही. तिथे मराठा विद्यार्थी खुल्या गटात मोडतो, आणि उत्पन्न व मालमत्तेच्या अटी पूर्ण होत असतील तर केंद्राच्या नमुन्यातला ईडब्ल्यूएस (आर्थिक दुर्बल गटाचा) दाखला काढू शकतो. राज्यातल्या प्रवेशासाठी काढलेला दाखला तिथे दाखवून भागत नाही. दोन नमुने वेगळे आहेत.

ओबीसींना नॉन-क्रीमिलेअरचा दाखला केंद्र सरकारच्या नमुन्यात लागतो. सेतू केंद्रात किंवा 'आपले सरकार'वर अर्ज करताना 'केंद्र सरकारच्या प्रवेशासाठी' हे शब्द स्पष्ट सांगा, नाहीतर सवयीने राज्याचा दाखला हातात पडतो. ईडब्ल्यूएस आणि नॉन-क्रीमिलेअर, दोन्ही दाखले प्रवेशाच्या वर्षीच्या ३१ मार्चनंतर काढलेले हवेत. म्हणजे एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात तहसील कार्यालय गाठायचं. मे-जूनमध्ये तिथे सगळा जिल्हा लोटलेला असतो.

नुसत्या मराठीत असलेला कागद दिल्लीतल्या कारकुनाला वाचता येत नाही. जातीचा दाखला, शाळा सोडल्याचा दाखला मराठीत असेल तर इंग्रजी प्रत किंवा प्रमाणित भाषांतर जोडून ठेवा.

राखीव गटांशिवाय काही जादा जागा असतात, त्या लोकांना माहीतच नसतात. २०२४ पासून एकुलत्या एक मुलीसाठी प्रत्येक कॉलेजात प्रत्येक अभ्यासक्रमाला एक जादा जागा आहे. सैन्यदलातल्या आणि माजी सैनिकांच्या मुलांसाठीही जागा आहेत. त्यात शहीद आणि जखमी जवानांच्या मुलांना आधी प्राधान्य, पण माजी सैनिक आणि सेवेत असलेल्या जवानांची मुलंही क्रमवारीत येतात. साताऱ्याच्या आपशिंगे मिलिटरीसारख्या गावांत, जिथे घरटी एक माणूस फौजेत, हे माहीत असायला हवं. त्यासाठी जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयातून विद्यापीठाने सांगितलेल्या नमुन्यातच प्रमाणपत्र आणावं लागतं.

खेळ आणि कलागुणांसाठीही वेगळ्या जागा आहेत. वादविवाद, नाट्य, गायन, वादन, नृत्य, सर्जनशील लेखन, एनसीसी, एनएसएस असे प्रकार आहेत. कलागुणांच्या यादीत सीयूईटीपेक्षा चाचणी आणि प्रमाणपत्रांना जास्त वजन असतं. पुरुषोत्तम करंडक बघत मोठ्या झालेल्या पुण्याच्या मुलांनी नाट्याचा पर्याय जरूर पाहावा. पण शाळेच्या स्नेहसंमेलनातलं बक्षीस म्हणजे कलागुण नव्हेत, आणि चाचणीला दिल्लीला जावं लागू शकतं.

पसंतीक्रम

निकाल लागल्यावर सीएसएएसमध्ये कॉलेज आणि अभ्यासक्रम यांच्या जोड्या पसंतीने लावायच्या असतात. आपल्याकडे अकरावीच्या ऑनलाइन प्रवेशाने पालकांना या प्रकाराची भीती घातली आहे. इथे दहाची मर्यादा नाही. पात्र असाल तितक्या जोड्या भरता येतात, आणि भरपूर भरण्यात काहीच तोटा नाही.

यंत्र तुमच्या यादीत वरून खाली बघत जातं आणि जिथे तुमचे गुण पुरतात अशी पहिली जागा देतं. म्हणून क्रम लावताना 'मिळेल का' हा विचार पूर्ण बाजूला ठेवायचा आणि 'हवं आहे का' एवढंच बघायचं. समजा, सोलापूरच्या एका मुलीला अर्थशास्त्र हवंय. तिने घाबरून आधी एका साध्या कॉलेजचं बीकॉम लिहिलं आणि खाली मिरांडा हाऊसचं अर्थशास्त्र. गुण दोन्हीला पुरत असतील तरी तिला बीकॉमच मिळेल, आणि खालच्या जागेचा पुढे विचारही होणार नाही. मिरांडा वर लिहिलं असतं आणि ते हुकलं असतं, तरी बीकॉम कुठे गेलं नसतं.

कॉलेज मोठं की विषय मोठा? माझा कौल विषयाला. तीन-चार वर्षं न आवडणारा विषय वाचण्यात नामांकित कॉलेजचा आनंद फार दिवस टिकत नाही. पण एक मधली वाट आहे. बीए प्रोग्राममध्ये दोन विषय जोडीने घेता येतात, उदाहरणार्थ अर्थशास्त्र आणि राज्यशास्त्र, आणि त्याला त्याच कॉलेजातल्या ऑनर्सपेक्षा अनेकदा कमी गुण लागतात. बारावीपर्यंत संस्कृत जपलेल्या मुलांनी संस्कृत ऑनर्स, आणि वाचनाची आवड असणाऱ्यांनी तत्त्वज्ञान ऑनर्स बघावं. हिंदू, मिरांडा हाऊस, लेडी श्रीराम अशा कॉलेजांत हे विषय आहेत आणि त्यांना झुंबड कमी असते. फक्त गुण कमी लागतात म्हणून तिथे जाऊ नका.

मागच्या वर्षी कोणत्या फेरीत किती गुणांना जागा संपली हे विद्यापीठाच्या प्रवेशाच्या संकेतस्थळावर मिळतं. बघताना एकूण गुण किती ते तपासा. बीएचे १००० पैकी असतात, विज्ञानाच्या बऱ्याच अभ्यासक्रमांचे ७५० पैकी. यादीआधी विद्यापीठ अंदाजे क्रमांक दाखवतं आणि बदलासाठी थोडा वेळ देतं. २०२५ मध्ये ही मुदत जेमतेम दोन दिवसांची होती. त्या दोन दिवसांत नवी यादी बनवू नका. एखादी जोडी राहून गेली असेल तर ती घाला, बस.

यादी लागल्यावर

जागा मिळाली की ती मुदतीत 'स्वीकारावी' लागते. आवडली नाही म्हणून स्वीकारली नाही तर तुम्ही प्रक्रियेबाहेर जाता. पुढच्या फेरीची वाट बघत बसणाऱ्यांचं वर्ष इथेच जातं. तेव्हा स्वीकारायची, कॉलेजने कागद तपासल्यावर शुल्क भरायचं, आणि मग 'फ्रीज' किंवा 'अपग्रेड' निवडायचं. वरच्या पसंतीची जागा हवी असेल तर अपग्रेड. ती मिळाली की जुनी जागा आपोआप सुटते, परत मिळत नाही. आहे त्यावर खूष असाल तर फ्रीज.

कॉलेज कागदांबद्दल शंका काढतं ती तुमच्या डॅशबोर्डवर दिसते आणि उत्तराला तासांत मोजावी इतकीच मुदत असते. त्या आठवड्यात कोकणातल्या आजोळी, नेटवर्क नसलेल्या वाडीत जाऊ नका.

पहिल्या फेरीत न लागल्यास पुढच्या फेऱ्यांत गुण खाली येतात. सुरुवातीला नोंदणी चुकली असेल तर मधल्या प्रवेशाची संधी मिळते. शेवटच्या स्पॉट फेरीत मात्र अपग्रेड नसतं. मिळालेली जागा घ्यावीच लागते.

इकडची जागा आणि तिकडची खोली

आपल्याकडची कॉलेजं जूनमध्ये प्रवेश उरकतात, दिल्लीची पहिली यादी २०२५ मध्ये १९ जुलैला लागली. म्हणून इथे एक जागा घेऊन ठेवणंच शहाणपणाचं. शुल्क परत कसं मिळतं हे विद्यापीठ अनुदान आयोगाच्या त्या वर्षीच्या परिपत्रकात बघा. २०२४-२५ साठी ३० सप्टेंबरपर्यंत प्रवेश रद्द केल्यास पूर्ण परतावा द्यावा असं आयोगाने सांगितलं होतं. शाळा सोडल्याचा मूळ दाखला इथल्या कॉलेजात जमा करावा लागतो. तो देण्याआधी दोन-चार साक्षांकित प्रती काढून ठेवा, आणि बोर्डाच्या विभागीय मंडळाकडून स्थलांतर प्रमाणपत्रही काढून ठेवा.

वसतिगृहाचा अर्ज प्रत्येक कॉलेजचा वेगळा असतो आणि जागा फार थोड्या. बाहेरगावची बहुतेक मुलं नॉर्थ कॅम्पसजवळ कमला नगर, विजय नगर, हडसन लेन या भागांत, आणि दक्षिणेकडच्या कॉलेजांतली सत्य निकेतन, अमर कॉलनीत पीजी, म्हणजे पेइंग गेस्ट, म्हणून राहतात. अपग्रेड चालू असताना खोलीची अनामत भरू नका. आज रामजस मिळालेली मुलगी पुढच्या आठवड्यात शहराच्या दुसऱ्या टोकाला लेडी श्रीरामला गेली, तर कमला नगरातला घरमालक पैसे परत देईल या भरवशावर राहू नये. पहिले चार दिवस ओळखीच्या घरी किंवा धर्मशाळेत काढा, जागा फ्रीज झाली की मगच खोली शोधायला बाहेर पडा.